पाचपैकी तीन

नोट फाटकी होती, हे मला मान्य आहे. नुसती फाटकी नाही, मधोमध दोन तुकडे होऊन चिकटपट्टीने जोडलेली. दहाची. भाजीवालीने ती घेतली नव्हती, रिक्षावाल्याने घेतली नव्हती, आणि दूधवाल्याने तर उन्हाकडे धरून नीट पाहिली आणि हसत परत केली होती. मग एक दिवस पार्सल घेऊन शकीलभाऊ दारात आले. मे महिन्यातलं धुळ्याचं ऊन, माणूस घामाने निथळत होता, आणि मला एकदम उदार व्हावंसं वाटलं. मी ती नोट, चिकटपट्टी आतल्या बाजूला जाईल अशा बेताने घडी घालून, त्यांच्या हातावर ठेवली. वर म्हणाले, "असू द्या भाऊ, काहीतरी थंड प्या."

समोरच्या ओट्यावर नेरकर सर बंगईवर झोके घेत बसले होते. त्यांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले, तर सरांच्या फाटकाशेजारच्या फळ्यावर खडूने, मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं होतं: "जी नोट भाजीवालीने नाकारली, ती बक्षीस म्हणून देऊ नये." खाली पट्टी लावून मारलेली रेघ. नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती. देवपुरातल्या आमच्या गल्लीत भाजीवाली एकच येते आणि तिला बोलायला फार आवडतं. संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली माझ्याकडे बघून हसत होती.

मी तणतणत सरांकडे गेले. म्हटलं, "सर, निदान मी दिली तरी. बाकीचे तर काहीच देत नाहीत."

"सुनंदे," सर म्हणाले, "काही न देणारा कंजूष असतो. तू शकीलभाऊंना कचराकुंडी समजलीस. बस, पन्हं घे."

पन्हं घेतलं. काय करणार? पन्नाशी जवळ आली तरी त्यांच्यासमोर मी सातवी ब मधलीच होते. ऑफिसात चार माणसांना कामाला लावणारी बाई मी, पण सरांनी हाक मारली की हातातली पर्स आपोआप पाठीमागे जायची. का ते विचारू नका. दप्तर वाटत असावं.

सरांनी आमच्या शाळेत गणित शिकवलं. त्याआधी अकरा वर्षं पिंपळनेरला. त्यामुळे साक्रीपासून धुळ्यापर्यंत दर तिसरा माणूस त्यांचा विद्यार्थी निघायचा. त्यांचा हिशेब सरळ होता, ज्याला शिकवलं त्याला अरेतुरे आणि बाकी सगळ्या जगाला 'तुम्ही'. म्हणून आमच्या गल्लीने एका बड्या साहेबाला "अरे, शर्ट खोच" असं ऐकताना पाहिलंय आणि भंगारवाल्याला "अहो, जरा सावलीत उभे राहा" असं ऐकताना पाहिलंय.

तो फळाही शाळेचाच. शाळेत पांढरे फळे आले तेव्हा जुना काळा फळा भंगारात निघाला होता. सरांनी तो हातगाडीवर घालून घरी आणला आणि फाटकाशेजारी भिंतीला ठोकला. तेव्हा काकू होत्या. "पोरं संपली, आता भिंतीला शिकवा," असं त्या म्हणाल्या होत्या. पुढे काकू गेल्या, मुलगी पुण्याला गेली, आणि घरात सर, बंगई आणि फळा एवढेच उरले.

सरांच्या मार्कांबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पेपर ते सगळ्यांसारखेच तपासायचे. पण वहीला, म्हणजे टापटीप, मांडणी, अक्षर याला, ते पाचपैकी मार्क द्यायचे, आणि त्यांच्या उभ्या नोकरीत तीनच्या वर कुणाला दिलेले कुणाला आठवत नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "पाचातला एक मार्क देवाचा. एक उद्याचा, सुधारायला जागा राहावी म्हणून. उरले तीन. ते मिळाले की माणसाने पेढे वाटावेत." मला नेहमी अडीच. उत्तराखाली रेघ मारायला मी विसरायचे, त्याचा अर्धा जायचा. एकदाच, सातवीत, तीन मिळाले. वडिलांनी खरंच पेढे वाटले. शेजाऱ्यांना वाटलं मी स्कॉलरशिपमध्ये आले.

हे झालं जुनं. आता पार्सलांचं.

आमच्या गल्लीत दोघंही नोकरीला जाणारी घरं जास्त. पार्सलवाला यायचा, घंटा वाजवायचा, फोन लावायचा, उन्हात उभा राहायचा आणि परत जायचा. समोरून सर हे बघत बसायचे आणि त्यांच्या जिवाची तगमग व्हायची. मग फळा सुरू झाला. "पार्सलवाल्याला 'दोन मिनिटांत आलो' सांगून आंघोळीला जाऊ नये." हे महाजनभाऊंसाठी होतं. त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि आंघोळ पाऊण तासाची. "बक्षीस देताना फोनवर बोलत राहू नये." हे आमच्या मिस्टरांसाठी. "पाणी हवं का असं विचारू नये. आणून पुढे धरावं. विचारलं की माणूस नको म्हणतो." हे सगळ्यांसाठीच होतं, आणि हे मी अजून पाळते.

महाजनभाऊ एकदा भांडायला आले. "सर, कंपनी पगार देते ना त्यांना? मग आपण वरून कशाला द्यायचं? सवयी बिघडतात."

सर म्हणाले, "महाजन, गिऱ्हाइकाने अर्धा किलो खिळे घेतले की तुम्ही वर चार खिळे टाकता की नाही?"

"टाकतो की. द्यावे लागतात. बरं दिसत नाही."

"झालं तर मग," सर म्हणाले, "तुम्हाला येतंय सगळं. आंघोळीचं तेवढं बघा."

पण खुद्द सर कुणाला एक रुपया देत नसत. हे मला फार खुपायचं. आम्हाला फळ्यावर टांगता आणि स्वतः मात्र तांब्या-पेल्यावर भागवता! एक दिवस मी विचारलंच. सरांनी बंगई पायाने थांबवली. म्हणाले, "मी शकीलभाऊंना विचारलं, तुम्हाला सगळ्यात जास्त काय लागतं? ते म्हणाले, टाइम. मग मी पैसे कशाला देऊ? वेळच देतो."

आणि त्यांनी खरोखर वेळ दिला. गल्लीच्या सगळ्या घरांना सांगितलं, पार्सल मागवताना माझा नंबर टाका. मी दिवसभर घरात असतो, ओटीपी मी सांगीन, डबे मी ठेवून घेईन, संध्याकाळी घेऊन जा. आमची तर चंगळच झाली. त्या दिवसापासून वीस दारांऐवजी शकीलभाऊंना एकच दार उरलं. आले, सगळी पार्सलं ओट्यावर ठेवली, ओटीपी घेतले, माठातलं पाणी प्यायले आणि निघाले. रोजचा तासभर वाचला.

त्या तासाचं काय व्हायचं ते मला उशिरा कळलं. शकीलभाऊ आधी मागावर होते. माग बंद पडले तेव्हा चाळिशीत त्यांनी ही नोकरी धरली. घरी आईला अर्धांगवायू. बायको एका कारखान्यात पापड लाटायला जाते ती संध्याकाळी येते. आधी म्हातारी सकाळी खायची ती एकदम रात्री. आता वाचलेल्या तासात शकीलभाऊ दुपारी घरी जायचे, आईला बसतं करायचे, दोन घास भरवायचे आणि परत गाडीला किक मारायचे. "सरने टाइम दिया, ताई," ते मला म्हणाले होते. "पैसा दिला असता तर खर्च झाला असता."

मी त्या दिवशी मनातल्या मनात सरांची माफी मागितली. तोंडावर नाही मागितली. उगाच फळ्यावर आलं असतं.

तर असं सगळं छान चाललं होतं. आणि मग एका संध्याकाळी सर फोन हातात धरून आमच्या घरी आले. चेहरा असा खुललेला, की मला वाटलं मुलीकडे काहीतरी गोड बातमी आहे.

"सुनंदे, बघ. कंपनीने मला विचारलंय. शकीलभाऊंचं काम कसं वाटलं, पाचपैकी सांगा."

निवृत्त झाल्यापासून सरांना कुणी मार्क विचारले नव्हते. आता एक अख्खी कंपनी विचारत होती, तेही पाचपैकी! माझे हात कणकेत होते. मी न बघताच म्हटलं, "द्या की सर, तुम्हाला योग्य वाटतील तेवढे."

हे वाक्य मला अजून टोचतं. हात धुऊन दोन मिनिटं बोलले असते तर पुढचं काही झालं नसतं.

त्यानंतर सरांचा तो रोजचा कार्यक्रमच झाला. दुपारी शकीलभाऊ पाणी प्यायला लागले की चष्मा लावायचा, फोन मांडीवर घ्यायचा आणि एकेका पार्सलला मार्क द्यायचे. मन लावून. कधी नुसतं ढकललं नाही. शकीलभाऊंना समोरच सांगायचे, "आज खोके कोरडे आणलेत, भर पावसात. उत्तम." शकीलभाऊ मान लववून हसायचे. "शुक्रिया, सर."

दिवाळीनंतर शकीलभाऊ यायचे बंद झाले.

त्यांच्या जागी एक नवा माणूस आला. तो फाटकाबाहेरूनच पार्सल भिरकवायचा. माझं मिक्सरचं भांडं त्याने असं टाकलं, की बंगईखालून मांजर उठून जे पळालं ते दोन दिवस दिसलं नाही. भांड्याला तडा गेला ते वेगळंच. सर ओरडले, "अहो, नाव काय तुमचं?" तो म्हणाला, "टाइम नाही काका, ओटीपी बोला." दुसऱ्या दिवशी सर पाण्याचा पेला घेऊन आधीच फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले. पाणी पुढे आल्यावर तो माणूस जरा मऊ झाला. शकीलभाऊंचं विचारलं तेव्हा म्हणाला, "शकीलचे स्टार पडले ना. चारच्या खाली आला की लाइन जाते. त्याला पिंपळनेर साइडला टाकलाय. पहाटे जातो, रात्री येतो."

"कुणी पाडले?" सरांनी विचारलं.

"तुमच्याच गल्लीने, काका. बाकी सगळीकडे त्याला पाच आहेत."

मग काय! त्या संध्याकाळी सर घरोघर निघाले. हातात छडी नव्हती, पण असल्यासारखंच वाटत होतं. दाराबाहेरूनच विचारायचे, "शकीलभाऊंना मार्क कमी कुणी दिले?" महाजनभाऊंनी तर न विचारताच हात पुढे केला आणि मग लक्षात आल्यावर मागे घेतला. जो तो एकच सांगत होता, "सर, आम्हाला मेसेजच येत नाही. नंबर तुमचा दिलाय ना!"

मी त्यांच्या मागोमागच होते. चौथ्या घरी हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी सरांना घरी आणलं, खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, "सर, फोन द्या जरा."

उघडून बघितलं. तीन. तीन. तीन. तीन. बोट वर सरकवत गेले तर संपेचना. मध्येच एके ठिकाणी दोन.

"हे दोन कशाला?"

"त्या दिवशी पाणी न पिता गेले होते," सर म्हणाले. "अर्धाच कापायचा होता. पण यात अडीच देता येत नाहीत."

"सर, यात तीन म्हणजे नापास."

सर माझ्याकडे बघत राहिले. "अगं, तीन म्हणजे…" एवढं म्हणून ते थांबले. मग चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, लावला, पुन्हा काढला. मला वाटलं आता कंपनीला शिव्या घालतील. पण त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, "मग दुपारी त्यांच्या आईला कोण भरवतं?"

मला रडूच आलं. मी चहा ठेवायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि आम्ही दोघं रिक्षाने हायवेवरच्या गोडाऊनला गेलो. सरांनी रात्री बसून अर्ज लिहिला होता. विषय: फेरतपासणी मिळणेबाबत. "परीक्षकाच्या चुकीमुळे परीक्षार्थीचे नुकसान झाले असून, सर्व मार्कांची फेरतपासणी व्हावी ही विनंती." खाली सही, आणि परीक्षकाचं नाव ठळक अक्षरात. तिथला मॅनेजर भला माणूस होता. त्याने अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "परीक्षार्थी म्हणजे कोण?" सगळं ऐकल्यावर म्हणाला, "काका, दिलेले स्टार बदलत नाहीत. माझ्या हातात असतं तर आत्ता केले असते. पिंपळनेरचे स्टार सुधारले की मी स्वतः त्याला देवपूरला परत आणतो. पण गंमत बघा, तिकडेही सुधरत नाहीयेत."

"का?"

"काय माहीत. सगळे तीनच देतात."

मी सरांकडे बघितलं. सरांनी छताकडे बघितलं.

पुढच्या रविवारी आम्ही पिंपळनेरच्या बसमध्ये होतो. मी जायचं कारण नव्हतं, पण सर एकटे निघाले असते आणि माझ्या कणकेच्या हातांचाही त्यात वाटा होता. स्टँडसमोर बापूंचं मेडिकल आहे. बापू म्हणजे सरांच्या पहिल्या तुकडीतला विद्यार्थी, आता साठीला टेकलेला. सर आल्याची बातमी फुटली आणि अर्ध्या तासात मेडिकलच्या ओट्यावर पंधरा-वीस माणसं जमली. टक्कल पडलेली, पोट सुटलेली, एक तर नातू कडेवर घेऊन आलेला. सगळे रांगेत वाकून पाया पडले.

सरांनी सरळ विषयाला हात घातला. "इकडे पार्सल घेऊन शकीलभाऊ येतात. माणूस कसा आहे?"

"मानूस भलता चांगला शे, सर," बापू म्हणाले. "मन्हा औषधना खोका कधी फुटेल नही."

"मग मार्क किती देता?"

बापूंनी छाती पुढे काढली. "तीन!" मागून सगळ्यांनी माना हलवल्या. "बठ्ठा तीनच देतस, सर. तुम्हीच तं शिकाडेल शे. एक देवना, एक सकायना."

सकायना म्हणजे उद्याचा. मला हसू आवरेना. मी तोंडाला पदर लावला आणि औषधांच्या खोक्यांकडे वळले. चाळीस वर्षांपूर्वी शिकवलेलं अख्ख्या गावाने इतकं चोख पाठ ठेवलेलं मी तरी दुसरं काही बघितलेलं नाही. पण वळून पाहिलं तर सरांचा चेहरा उतरला होता, आणि माझं हसू तिथेच थिजलं.

दुकानाच्या दाराला 'दुपारी बंद' अशी पाटी टांगली होती. सरांनी ती काढून घेतली, मागची बाजू रुमालाने पुसली, खिशातून खडू काढला. त्यांच्या खिशात खडू कायम असायचा, धोब्याची तक्रारच असायची. पाटीवर त्यांनी लिहिलं, "माझी चूक झाली." खाली रेघ मारली. आणि पाटी वर धरली, सगळ्यांना दिसेल अशी.

मागची माणसं टाचा उंचावून वाचू लागली.

"वहीला तीन दिले ते ठीक होतं," सर म्हणाले. आवाज वर्गातलाच होता, पण जरा ओला. "वही दुसऱ्या दिवशी माझ्याकडे परत यायची. शकीलभाऊ वही नाहीत. त्यांचा उद्याचा मार्क मी राखून ठेवला आणि त्यांचा उद्याच गेला. त्यांची आई तिकडे उपाशी राहते आणि मी इकडे टापटीप बघत बसलो. पाच द्यायचे. पैकीच्या पैकी. कळलं?"

"पाच?" बापू म्हणाले. "सर, तुम्ही तं आमले कधीच दिन्हात नही!"

सरांनी पाटी खाली ठेवली. "तुझ्या भूमितीच्या वहीला द्यायला पाहिजे होते, बापू. ती वही मला अजून आठवते. हात आखडला माझा."

बापूंनी काउंटरवरचा नॅपकिन उचलला आणि डोळे पुसले, नाकही पुसलं. "आते काय त्यानं, सर," एवढंच म्हणाले. मग आत ओरडून त्यांनी सगळ्यांसाठी शेवभाजी आणि भाकऱ्या सांगितल्या, आणि जेवणं होईपर्यंत ओट्यावरच्या प्रत्येकाकडून सरांनी फोनवर पाच कुठे दाबायचे ते करून घेतलं.

परतीच्या बसमध्ये मी वाट बघत होते. म्हटलं, आता माझ्या वहीबद्दलही काही बोलतील. साक्री गेलं, कुसुंबा गेलं. शेवटी मीच विचारलं, "सर, माझी वही?"

"तुझी रेघ नसायची," सर म्हणाले आणि झोपले.

संक्रांतीच्या सुमाराला शकीलभाऊ परत आले. मी त्या दिवशी मुद्दाम उशिरा ऑफिसला गेले. सर तांब्या-पेला घेऊन फाटकात उभे होते. पाणी पिऊन होईपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शकीलभाऊ, ते तीन माझे होते."

"मालूम था, सर."

"कसं?"

"ऑफिसमध्ये दिसतं ना, कोणत्या नंबरवरून आले."

"मग बोलला का नाहीत?" सर जवळजवळ ओरडलेच. "रोज येत होता, पाणी पीत होता! एक शब्द?"

शकीलभाऊंनी पेला उपडा करून कठड्यावर ठेवला. "किती खूश होऊन देत होते तुम्ही, सर. ताईंनी एकदा सांगितलं होतं, तुमच्याकडे तीनच्या वर कोणालाच भेटत नाही. मी घरी अम्मीला सांगितलं, मास्तरने मुझे तीन दिये. ती मोहल्ल्यात सगळ्यांना सांगत होती."

सरांनी फोन काढला आणि त्या दिवसाच्या पार्सलांना पाच-पाच तारे दिले. पण इतक्या वर्षांची सवय, बोट तिसऱ्या ताऱ्यावर अडायचं. मग ते डोळे मिटून पाचवा दाबायचे. मी समोरून बघत होते. दुसऱ्या दिवशी फळ्यावर आलं: "तारे देताना आपली शाळा विसरावी."

पुढे दीड वर्ष हे सगळं सुरळीत चाललं. मग सरांचे गुडघे गेले आणि मुलगी त्यांना पुण्याला न्यायला आली. सरांनी खूप खळखळ केली. पार्सलांचं कसं होणार, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. शेवटी मी म्हटलं, माझी सासू आता आमच्याकडेच असते, ती दिवसभर घरात आहे, तिचा नंबर टाकू. सरांनी सासूबाईंची दहा मिनिटं तोंडी परीक्षा घेतली, पाणी कसं द्यायचं, ओटीपी कसा सांगायचा, तारे किती. सासूबाई पास झाल्या. तेव्हा कुठे बॅग भरली गेली.

निघायच्या दिवशी सकाळी गाडी फाटकाशी लागली होती. सामान चढलं. सर पुढच्या सीटवर बसले, काठी गुडघ्यांत. तेवढ्यात शकीलभाऊंची गाडी वाजली. पाठीवर पार्सलांची मोठी पिशवी नव्हती.

"आज काय आणलंत?" सरांनी काचेतून विचारलं.

"काही नाही, सर. नुसता आलो."

सरांनी मला खूण केली. मी पळत जाऊन पाणी आणलं. शकीलभाऊ उभ्याउभ्या प्यायले. आणि मग त्यांनी फळ्याच्या चौकटीवरचा खडू उचलला. सरांच्या फळ्याला गल्लीतल्या कुणाची हात लावायची छाती नव्हती. महाजनभाऊ तर पुटपुटले, "अरे बापरे." शकीलभाऊंनी हळूहळू, एकेक अक्षर जुळवत लिहिलं:

"सर. पाचपैकी तीन."

मुलगी म्हणाली, "अहो, तीन काय? पाच द्या ना बाबांना!" तिला काही माहीत नव्हतं.

सरांनी चष्मा सारखा केला आणि वाचलं. पुन्हा वाचलं. मला वाटलं आता हा माणूस सगळ्यांसमोर रडणार. पण त्यांनी घसा खाकरला, काचेतून हात बाहेर काढला आणि फळ्याकडे बोट दाखवलं.

"रेघ कोण मारणार?"

शकीलभाऊंनी पिशवीची पट्टी ओढायच्या सवयीने खांदा वर केला, वाकले, आणि खडू टेकवून या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारली. वाकडी आली. सरांनी ती नीट पाहून घेतली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चला आता."